गुण आला नाही, की टिकला नाही?

नमस्कार श्रोतेहो. मी पोटविकारांचा डॉक्टर. आज ज्या आजाराविषयी बोलणार आहे, तो चारचौघांत कोणी बोलत नाही, म्हणून रेडिओवर बोललेला बरा. अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, संडासवाटे रक्त आणि आव पडते, आणि कळ आली की मिनिटभरही थांबता येत नाही. मूळव्याध समजून वर्ष घालवलेले, बेलफळाचा मुरंबा खाऊन थकलेले रुग्ण मला नेहमी भेटतात. पण निदानाची गोष्ट पुन्हा कधीतरी. आज बोलायचंय ते निदान झालेल्यांशी. एक औषध झालं, दुसरं झालं, आता पुढचं कोणतं, इथे जे अडकलेत त्यांच्याशी.

असा रुग्ण समोर बसतो आणि म्हणतो, "डॉक्टर, औषध लागू पडत नाही." मी विचारतो, म्हणजे नेमकं काय झालं? कोणी म्हणतं, गुणच आला नाही. कोणी म्हणतं, गुण आला होता, पण टिकला नाही. आणि कोणी म्हणतं, औषध मानवलंच नाही. आपल्या आजीच्या तोंडचे हे शब्द. पण पुढचं औषध निवडताना मला ते रक्ताच्या रिपोर्टइतकेच कामाला येतात, कारण तिघांची वाट निराळी असते.

चौथंही एक उत्तर असतं. ते आपणहून कोणी देत नाही: घेतलंच नाही. बरं वाटलं की मेसालामिनच्या, म्हणजे आतड्याची सूज उतरवणाऱ्या पहिल्या पायरीच्या गोळ्या बंद होतात. एनिमा तर खोक्यातच राहतो. आजार गुदाशयापासून सुरू होतो, आणि एनिमा औषध थेट तिथेच पोचवतो. पण दोन खोल्यांच्या घरात, सगळ्यांच्या देखत रोज रात्री तो घ्यायचा कसा? हा प्रश्न मीही पहिली कित्येक वर्षं कुणाला विचारला नव्हता.

शिवाय औषध हरलं असं म्हणण्याआधी सूज खरंच आहे का, ते बघावं लागतं. शौचाच्या नमुन्यातली कॅलप्रोटेक्टिनची तपासणी त्याचा अंदाज देते. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूचा संसर्ग झाला, तरी कोलायटिस उलटल्यासारखाच दिसतो. सायटोमेगॅलो नावाचा विषाणूही तसंच करतो; तो शोधायला दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो. आणि गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या? त्यांचाही जाब विचारायचा.

आता स्टिरॉइड. १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी कॉर्टिसोनचा प्रयोग प्रसिद्ध केला. तेव्हापासून भडकलेला आजार विझवायला स्टिरॉइड वापरतात, आणि आजही त्याला तोड नाही. पण विझवायलाच. राखायला नाही. जुनी चिठ्ठी दाखवून दर दोन-तीन महिन्यांनी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेणारे खूप आहेत. हाडं झिजतात, साखर वाढते, चेहरा सुजतो. वर्षातून दुसऱ्यांदा स्टिरॉइड लागलं, तर मूळ औषध पुरत नाही असं समजायचं.

माझा एक रुग्ण एसटीत वाहक आहे, वय एक्केचाळीस, महाड-महाबळेश्वर मार्गावर. मेसालामिन पुरेना म्हणून त्याला अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं. या औषधाचा परिणाम दिसायला तीन महिने लागतात, पण त्याचे केस तिसऱ्याच आठवड्यात मुठीनं गळू लागले. रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीच्याही खाली. हे औषध न मानवण्यामागे एनयूडीटी-१५ या जनुकातला बदल असू शकतो, आणि तो आपल्याकडे बऱ्याच जणांत असतो. ती तपासणी आधी करता येते. त्याची झाली नव्हती. हे 'मानवलं नाही'. इथे मात्रा वाढवून पाहणं म्हणजे जिवाशी खेळ.

मग सलाइनमधून इन्फ्लिक्सिमॅब. त्याआधी क्षयरोगाची आणि कावीळ बी ची तपासणी झाली. आपल्याकडे क्षयाचे जंतू अनेकांच्या अंगात निपचित पडून असतात. हे औषध शरीरातल्या टीएनएफ या रसायनाला अडवतं, आणि त्या जंतूंना कोंडून ठेवणारं रसायन तेच. म्हणून ही तपासणी टाळायची नाही.

दीड वर्ष छान गेलं. मग पुढच्या डोसची तारीख आठवड्यावर आली की रक्त दिसू लागलं. हे 'टिकलं नाही'. रक्तातली औषधाची पातळी पाहिली, ती जवळपास शून्य. शरीरानं औषधाविरुद्धच प्रतिद्रव्यं तयार केली होती. अशा वेळी त्याच कुळातलं अडालिमुमॅब चालू शकतं. पण औषध पुरेसं असूनही आतडं सुजलेलंच राहिलं असतं, तर त्या कुळाचा नाद सोडून वेगळ्या मार्गाचं औषध शोधावं लागलं असतं. एका तपासणीनं रस्ता बदलतो तो असा.

वेगळ्या मार्गाची औषधं आता बरीच आहेत. वेडोलिझुमॅब दाहक पेशींना फक्त आतड्याच्या दाराशी अडवतं, त्यामुळे क्षयाची भीती कमी. पण ते सावकाश चालतं आणि महाग आहे. २०१९ मध्ये ते आणि अडालिमुमॅब समोरासमोर तपासले गेले. वर्षभरानंतर आजार शांत असलेले रुग्ण वेडोलिझुमॅबच्या गटात ३१.३ टक्के होते, अडालिमुमॅबच्या गटात २२.५. म्हणजे जिंकलेल्या औषधानंही तिघांतल्या दोघांना पूर्ण आराम दिला नाही. म्हणून एखादं औषध हुकलं, तर त्याचा दोष स्वतःच्या खाण्यापिण्याला किंवा नशिबाला देऊ नका.

टोफासिटिनिब ही गोळी. ती काही दिवसांतच गुण दाखवू शकते, आणि आपल्याकडे ती जेनेरिक मिळत असल्यानं खिशाला परवडते. पण पन्नाशीपुढच्या, धूम्रपान करणाऱ्या किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला देताना दहादा विचार करावा लागतो. रक्ताच्या गुठळ्यांचा इशारा आहे, नागिणीचा धोका वाढतो, आणि गरोदरपणाच्या बेतात असलेल्या बाईला ती नको.

औषधं बदलत राहणं हे काही गरिबाच्याच वाट्याला येत नाही. जपानचे पंतप्रधान शिन्झो आबे यांना हा आजार किशोरवयापासून होता. २००७ मध्ये त्यांनी पद सोडलं. पुढे मेसालामिनच्याच नव्या गोळीनं आराम पडला आणि २०१२ मध्ये ते परत पंतप्रधान झाले. २८ ऑगस्ट २०२० ला त्यांनी पुन्हा राजीनामा जाहीर केला, तेव्हा चालू औषधाला जोडून नवं औषध सुरू झालं होतं, गुणही दिसत होता, पण पुढची खात्री नव्हती.

शस्त्रक्रियेचं नाव काढलं की रुग्ण पहिलं विचारतो, "पोटाला पिशवी का?" बहुतेकदा ती काही महिन्यांपुरती असते. मोठं आतडं काढून लहान आतड्याचीच थैली करून आत जोडायची पद्धत लंडनच्या पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ मध्ये मांडली. आणि दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्त पडतंय, ताप आहे, नाडी नव्वदीच्या वर आहे, अशा माणसानं पुढची गोळी कोणती हे विचारत घरी बसायचं नाही. त्यानं त्याच दिवशी भरती व्हायचं. तिथे शिरेतून स्टिरॉइड देऊन तिसऱ्या दिवशी हिशेब करतात: उतार नसेल तर पुढचं औषध किंवा शल्यचिकित्सक, उशीर नाही.

वाहकाला मी सगळे पर्याय सांगितले आणि विचारलं, तुम्हाला औषधाकडून काय हवंय? रक्त थांबणं, वजन वाढणं, असं काही म्हणेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "आंबेनळी घाट पोलादपूरपर्यंत एका दमात उतरता आला पाहिजे. मध्ये गाडी थांबवायला सांगितली की पॅसेंजर बघतात." धूम्रपान नव्हतं, हृदय ठीक होतं. नागिणीची लस देऊन आम्ही टोफासिटिनिब सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. तब्येतीचं विचारायच्या आतच तो म्हणाला, "डॉक्टर, पोलादपूरला पोचलो."