एकशे नऊ विरुद्ध वीस

मंडळी, आयर्लंडच्या संसदेत पडलेल्या एका विधेयकाबद्दल बोलायला मी आज बेळगावात उभी आहे. दुसऱ्या कुठल्या गावात हा विषय काढला असता, तर आधी बरंच समजावून सांगावं लागलं असतं. इथे सविता हलप्पनवार एवढं नाव पुरे आहे. इथेच दंतवैद्यक शिकलेली, ३१ वर्षांची आपली मुलगी २८ ऑक्टोबर २०१२ रोजी आयर्लंडमधल्या गॉलवे शहराच्या हॉस्पिटलमध्ये वारली. ते सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी सहा महिने डब्लिनमध्ये काय घडलं, ते फारसं कोणी सांगत नाही. मी तिथून सुरुवात करते.

आयरिश संसदेच्या खालच्या सभागृहाला डॉल म्हणतात आणि तिथल्या सदस्याला टीडी. तेव्हा सभागृहात १६६ टीडी होते आणि फिनेगेल व लेबर या सत्ताधारी आघाडीने त्यातले ११३ निवडून आणले होते. क्लेअर डेली उत्तर डब्लिनमधून पहिल्यांदाच आलेल्या समाजवादी सदस्य. छोट्या पक्षांना आणि अपक्षांना एकेकट्याने बोलायला वेळ मिळणं कठीण, म्हणून त्यांनी मिळून एक गट केला होता. त्या गटाच्या वाट्याच्या वेळात डेलींनी खासगी विधेयक आणलं. मागणी इतकीच, की गर्भवतीच्या जिवाला धोका असेल तर गर्भपात कायदेशीर आहे, हे कायद्यात स्पष्ट लिहा.

ही मागणी नवी नव्हती. १९८३ मध्ये सार्वमत घेऊन आयर्लंडने आई आणि गर्भ यांच्या जगण्याचा हक्क समान आहे, असं राज्यघटनेत लिहिलं. १९९२ मध्ये बलात्कारातून गरोदर राहिलेल्या १४ वर्षांच्या मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आईचा जीव धोक्यात असेल तर गर्भपात घटनेला धरूनच आहे. त्यावर कायदा करायचं काम संसदेचं होतं. वीस वर्षांत एकाही सरकारने तो केला नाही. दरम्यान पुस्तकात होता तो ब्रिटिशांनी केलेला १८६१ चा कायदा, जन्मठेपेची शिक्षा सांगणारा. विचार करा, रात्रपाळीच्या डॉक्टरसमोर बाई तापाने फणफणलेली आहे, गर्भाचे ठोके चालू आहेत, आणि धोका ‘पुरेसा’ कधी झाला हे त्याला कुणी लिहून दिलेलं नाही. भारतात १९७१ पासून याबद्दल कायदा होता. सविता त्या देशातून तिथे गेली होती.

१९ एप्रिल २०१२ रोजी मतदान झालं. १०९ विरुद्ध २०. तज्ज्ञ समिती नेमली आहे, अहवाल येऊ द्या, असं सरकारचं म्हणणं होतं. समिती खरीच होती. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१० मध्ये ठपका ठेवल्यावर ती नेमावी लागली होती. पण माझं मत मी लपवत नाही: वीस वर्षं थांबलेल्या बायकांना ‘आणखी थोडं थांबा’ असं सांगताना त्या सभागृहाला काहीतरी टोचायला हवं होतं.

त्या मतदानापासून सविताच्या मृत्यूपर्यंत १९२ दिवस होतात. सतरा आठवड्यांची गरोदर, गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झालेलं, आणि गर्भपाताची तिची विनंती नाकारली गेली. ‘हा कॅथलिक देश आहे’ असं आपण म्हटल्याचं तिथल्या सुईणीने नंतर मृत्यूच्या चौकशीत मान्य केलं. डेलींचं विधेयक मंजूर झालं असतं तर ती वाचली असती का? तसं मी ठामपणे म्हणणार नाही. रक्तातला जंतुसंसर्ग ओळखण्यातही चुका झाल्या, हे चौकशी अहवालात आहे. पण गर्भाचे ठोके थांबेपर्यंत हात न लावण्यावर नको इतका भर दिला गेला, हेही त्याच अहवालात आहे, आणि ती भीती कायद्याच्या संदिग्धपणातून आलेली होती.

नोव्हेंबरमध्ये डब्लिनमध्ये मेणबत्त्या घेऊन हजारो लोक रस्त्यावर आले. डेलींनी विधेयक पुन्हा मांडलं. ते पुन्हा पडलं, १०१ विरुद्ध २७. पुढच्या जुलैत सरकारने स्वतःचा कायदा आणला. आईच्या जिवाला धोका असेल तर परवानगी, एरवी १४ वर्षांपर्यंत तुरुंग. अपुरा होता, पण वीस वर्षं अडलेली गोष्ट सभागृहाने मान्य केली. गर्भ जन्मानंतर जगूच शकणार नसेल तर काय, हा प्रश्न मग मिक वॉलेस या टीडींनी लावून धरला. २०१६ मध्ये त्यांचंही विधेयक पडलं. पण आकडे बघा: ९५ विरुद्ध ४५.

शेवटी मामला लोकांकडे गेला. ९९ सामान्य नागरिकांच्या सभेने महिनोन् महिने डॉक्टरांना, वकिलांना, बायकांना ऐकलं आणि घटना बदलावी अशी शिफारस केली. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी ते कलम काढायला होकार दिला. १९८३ मध्ये जवळजवळ तितक्याच टक्क्यांनी ते घातलं होतं. सविताच्या आईवडिलांनी इथून, बेळगावातून, होकाराचं आवाहन केलं होतं. निकालाच्या दिवशी डब्लिनमधल्या एका भिंतीवर रंगवलेल्या तिच्या चेहऱ्याभोवती लोक चिठ्ठ्या चिकटवत राहिले, आणि त्यातल्या कितीतरी चिठ्ठ्यांत तिची माफी मागितली होती.