वेण्णेच्या काठाने: पायी महाबळेश्वर

[दृश्य: जानेवारीतील पहाट. वेण्णा तलावाचा धक्का, बांधून ठेवलेल्या होड्या.]

होड्यांच्या टपांवर, धक्क्याच्या फळ्यांवर आणि काठच्या गवतावर पांढरा थर जमला आहे. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत एकदा तरी छापून येणारे हिमकणांचे छायाचित्र इथलेच असते. हा बर्फ आकाशातून पडलेला नाही. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते, गार होऊन जड झालेली हवा भोवतालच्या उतारांवरून खाली येऊन या खोलगट जागेत साचते आणि पडलेले दव जागच्या जागी गोठते. म्हणून वर बाजारपेठेत नुसती बोचरी थंडी असते, तेव्हा येथे आणि पुढे लिंगमळ्याच्या बाजूला गवताचे पाते न् पाते पांढरे झालेले दिसते. ऊन वर आले की थोड्याच वेळात सारे ओले होऊन जाते. हे पाहायचे तर चहाची गाडी लागण्यापूर्वी येथे पोहोचावे लागते.

सातारा जिल्ह्यातील बहुतेक घरांत महाबळेश्वरच्या सहलीचे एखादे छायाचित्र असते. मात्र ती सहल बहुधा टॅक्सीतून झालेली असते: एक पॉइंट, मग दुसरा, मग मक्याचे कणीस आणि परत. आज आपण हे गाव पायी पाहणार आहोत, आणि सुरुवात तलावापासून करण्यामागे कारण आहे. गावाचे पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे गाडीच्या काचेतून कळत नाही, पण चालणाऱ्याला चढ-उतारावरून ते आपोआप समजू लागते.

वेण्णा तलाव निसर्गनिर्मित नाही. सातारचे छत्रपती शहाजी महाराज, म्हणजेच आप्पासाहेब महाराज, यांनी १८४२ मध्ये वेण्णेचे पाणी अडवून तो बांधून घेतला. क्षेत्र सुमारे २८ एकर, म्हणजे धरण म्हणण्याइतके मोठे नाही. काठाकाठाने रमतगमत गेले तरी चालणाऱ्याची दमछाक होत नाही. पावसाळ्यात तो भरून सांडव्यावरून वाहू लागतो. तेथून निघालेली वेण्णा काही अंतरावर लिंगमळ्याच्या कड्यावरून खाली उडी घेते, मेढ्यावरून पुढे जाते, कण्हेर धरणात थांबते आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेत मिसळते. साताऱ्याच्या माणसाला माहुलीचा घाट लहानपणापासून परिचयाचा असतो. त्या घाटाला लागणाऱ्या पाण्यातले काही येथून, या होड्यांखालून निघालेले असते.

[दृश्य: दिवस वर आला आहे. तिकीट खिडकीसमोर रांग, काठावर घोडेवाले.]

नऊच्या सुमारास काठाचे रूप पालटते. नौकाविहाराची रांग लागते, घोडे फेऱ्या मारू लागतात, भाजलेल्या कणसांचा धूर पसरतो. या गर्दीतील फार थोड्यांना ठाऊक असते की महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन्ही शहरांना पिण्याचे पाणी याच तलावातून जाते. ज्या पाण्यात आपण हात बुडवतो, तेच रात्री मुक्कामाच्या खोलीतील नळाला येणार असते. हे एकदा लक्षात आले की काठावरची लीद, प्लॅस्टिकचे पेले आणि कणसांची बुरकुंडे यांच्याकडे निराळ्या नजरेने पाहिले जाते. शिवाय गर्दीचा मोठा हंगाम एप्रिल-मे महिन्यांत येतो, म्हणजे नेमका पाणी खाली गेलेले असते तेव्हा. पाऊस येथे चार महिने धो धो कोसळतो, वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात. याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपासच घुटमळतो. तरीही उन्हाळ्यात दोन्हीकडे पाण्याचीच चिंता असते.

तलावापासून बाजारपेठ दोनेक किलोमीटर अंतरावर आहे आणि रस्ता चढणीचा आहे. पायी जाणाऱ्यासाठी तो सोयीचा मुळीच नाही. अनेक ठिकाणी पदपथ नाही आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग इतकी लांबते की चालणारा माणूस मोटारीच्या आधी बाजारात पोहोचतो, हीच काय ती भरपाई. रस्त्याकडेच्या कापलेल्या दरडीजवळ मात्र क्षणभर थांबावे. तांबडा, भोकाभोकांचा जांभा दगड तेथे उघडा पडलेला दिसतो. सह्याद्रीचा हा माथा काळ्या कातळाचा असला तरी वरचा थर जांभ्याचा आहे. जांभा स्पंजासारखा पावसाचे पाणी शोषतो, खालच्या चिकणमातीला आणि कातळाला लागून ते अडते, आणि जेथे हे दोन थर डोंगराच्या कुशीत उघडे पडतात तेथून झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. दुपारी आपण जेथे जाणार आहोत, तेथील गोमुखातून बारमाही वाहणाऱ्या धारेचे मूळ या दगडात आहे.

दरडीच्या वर जांभूळ, हिरडा, पिसा आणि अंजनीचे दाट रान आहे. वाऱ्या-पावसाच्या माऱ्याने झाडे फार उंच वाढत नाहीत. बुंधे पिळवटलेले असतात आणि त्यांवर शेवाळ चढलेले असते. भर दुपारीही या झाडीखाली गारवा असतो.

[दृश्य: बाजारपेठ. डॉ. साबणे रस्ता.]

आज जेथे ही पेठ आहे, तेथे दोनशे वर्षांपूर्वी बाजार नव्हता. १८२४ मध्ये साताऱ्याच्या छावणीतील लॉडविक हा इंग्रज अधिकारी या माथ्यावर आला. छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी वर येणारा रस्ता करून दिला. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना येथील हवा मानवली आणि वाई भागातील खंडाळा गावाच्या बदल्यात ही जागा महाराजांकडून कंपनी सरकारकडे आली. माल्कम पेठ हे नाव त्यावरून पडले. मुंबई इलाख्याचे सरकार उन्हाळ्यात येथे मुक्कामाला येऊ लागले, बंगले उठले, १८३१ मध्ये चर्च उभे राहिले. हा भाग मार्गदर्शक पुस्तिकांत विस्ताराने सापडतो. त्यांत बहुधा न आढळणारी गोष्ट अशी की येथे एके काळी चीन आणि मलाया भागातून आणलेल्या कैद्यांचा तुरुंग होता. त्यांच्याकडून रस्त्यांची आणि भाजीपाल्याच्या मळ्यांची कामे करून घेतली जात. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. आज बाजारात गाजरांच्या जुड्या आणि लालचुटुक मुळे रचून ठेवलेले दिसतात, तेव्हा या मातीत भाजीपाल्याचे मळे फुलवणाऱ्या त्या अनाम परदेशी माणसांची आठवण ठेवायला हरकत नाही.

पेठेत चिक्की, चपला, वेताच्या काठ्या आणि तऱ्हेतऱ्हेच्या चवींचे फुटाणे भरपूर आहेत. आपण थांबू ते मधाच्या दुकानात. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय याच गावात आहे आणि जवळचे मांघर हे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. पेटीत पाळली जाते ती सातेरी माशी. कड्याकपारीला मोठाले पोळे करणारी आग्या माशी वेगळी. ती पेटीत राहत नाही. चमच्याच्या टोकावर दिलेला जांभळाचा मध गडद तांबूस असतो आणि गोडव्यामागून किंचित कडवट चव जिभेवर येते. पुष्कळ गिऱ्हाइके या कडवटपणाला भेसळ समजून बाटली खाली ठेवतात, आणि फिक्या, निव्वळ गोड मधाची बाटली घेऊन जातात.

पॉइंटांविषयी फार बोलायला नको. वेळ असेल तर विल्सन पॉइंटवर जावे. सुमारे १४४० मीटर उंचीची ती जागा गावातील सर्वांत उंच आहे आणि तेथून उगवतीही दिसते, मावळतीही.

[दृश्य: क्षेत्र महाबळेश्वरकडे जाणारा रस्ता, स्ट्रॉबेरीचे मळे.]

जेवण उरकून क्षेत्र महाबळेश्वरची, म्हणजे मंदिरे असलेल्या जुन्या महाबळेश्वरची वाट धरावी. अंतर पाच-सहा किलोमीटर आहे आणि पायी जाणाऱ्याला दिवसभरातील सर्वांत सुखाचा टप्पा हाच. वाटेत स्ट्रॉबेरीचे मळे लागतात. उंच गादीवाफ्यांवर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्याला पाडलेल्या भोकांतून रोपे वर आलेली असतात आणि फळे त्या कागदावर टेकून लोंबतात, म्हणून त्यांना माती लागत नाही. वाफ्यावर ठिबकची नळी असते. तोडणी सकाळीच उरकतात, कारण उन्हात तापलेले फळ पेटीत टिकत नाही. देठाला धरून, नखाने खुडून, फळाला बोट न लावता ते टोपलीत ठेवले जाते. काम बहुतांशी स्त्रियांच्या हाती असते आणि त्यांचा वेग पाहत राहावा असा असतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

क्षेत्रात पोहोचल्यावर पंचगंगेच्या मंदिरात आधी जावे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम येथे मानला जातो आणि गोमुखातून पडणारे पाणी भाविक ओंजळीत घेतात. एका छपराखाली आलेल्या या प्रवाहांच्या वाटा मात्र फार वेगळ्या आहेत. कोयना दक्षिणेकडे जाऊन कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटते आणि ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेचा कडा उतरून महाडवरून बाणकोटच्या खाडीत, अरबी समुद्राला जाते. पाऊस या माथ्यावर कोणत्या अंगाला पडला, यावर त्याने कोणता समुद्र गाठायचा हे ठरते.

शेजारच्या महाबळेश्वराच्या मंदिराशी शिवकाळातील एक प्रसंग जोडलेला आहे. ६ जानेवारी १६६५ रोजी, सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी, शिवाजी महाराजांनी येथे मातोश्री जिजाबाई आणि आपले वयोवृद्ध मंत्री सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली. गर्दी बहुधा या दोन मंदिरांपाशीच थांबते. थोड्या अंतरावर, उताराच्या कडेला कृष्णाबाईचे जुने दगडी मंदिर आहे, तेथे मात्र अवश्य जावे. खांब काळवंडले आहेत, फरशीवर शेवाळ आहे, म्हणून पाय जपून टाकावा. गोमुखातील धार कुंडात पडते आणि समोर कृष्णेचे खोरे थेट धोम जलाशयाच्या दिशेने उघडते.

परतीसाठी उजेड असतानाच निघावे. संध्याकाळनंतर या रस्त्यावर गवे उतरतात आणि वळणावर अचानक समोर आलेला गवा हटेलच असे नाही. एसटीची वेळ दुपारीच विचारून ठेवावी. ती चुकली तर गावात परतण्यासाठी टॅक्सी करावी, पायी येण्याचा हट्ट धरू नये.