खड्ड्याआधीचा पांढरा डाग

[दृश्य: वरचा पुढचा दात, अगदी जवळून. हवेच्या फवाऱ्याने तो कोरडा होतो.]

ओला असताना हा दात निरोगी वाटत होता. कोरडा केल्यावर हिरडीलगत खडूसारखा पांढरट पट्टा उमटला. दाताची कीड इथून सुरू होते. अजून खड्डा पडलेला नाही, दुखतही नाही. इथून दात ड्रिल न लावता सावरू शकतो, म्हणून हा पट्टा वेळेत दिसणं फार मोलाचं आहे.

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे एनॅमल. वजनाने त्याचा सुमारे 96 टक्के भाग खनिजाचा असतो. त्यावर जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, सतत साचत राहतो. तोंडात साखर आली की स्ट्रेप्टोकोकस म्युटन्ससारखे जिवाणू ती पचवून आम्ल सोडतात. काही मिनिटांत प्लाकमधला पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5च्या खाली उतरतो आणि एनॅमलमधलं कॅल्शियम, फॉस्फेट विरघळायला लागतं. वरचा पापुद्रा शाबूत राहतो, त्याच्या खालचा भाग सच्छिद्र होतो. पांढरा दिसतो तो हाच भाग. म्हणून अशा डागात टोकदार हत्यार खुपसून पाहू नये. पापुद्रा फुटला तर होती ती संधीही जाते.

[दृश्य: आलेख. पीएचची रेघ झपकन खाली येते, हळूहळू वर चढते.]

दुरुस्ती लाळ करते. ती आम्ल सौम्य करते आणि निसटलेलं खनिज परत भरते, पण एकदा गोड खाल्लं की तिला त्यासाठी अर्धा ते एक तास लागतो. त्यामुळे साखर किती खाल्ली याइतकंच, किंबहुना जास्त, ती दिवसातून किती वेळा खाल्ली याला महत्त्व आहे. गोड पेय जेवणाबरोबर संपवलं तर दातांवर एकच हल्ला होतो. तेच दुपारभर घोटघोट प्यायलं तर लाळेला उसंतच मिळत नाही.

स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म संस्थेत 1940च्या दशकात सुरू झालेल्या प्रयोगांतून हे ठळकपणे पुढे आलं. जेवणांच्या मधे चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात सर्वाधिक किडले. हे प्रयोग बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांवर, त्यांच्या संमतीविना केले गेले, हेही सांगायलाच हवं.

झोपेत लाळ फारच कमी सुटते. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात म्हणूनच आधी किडतात. खालच्या दातांना जीभ आणि लाळ थोडंफार सांभाळून घेतात.

[दृश्य: ब्रशवर टूथपेस्ट. आधी तांदळाच्या दाण्याएवढी, मग वाटाण्याएवढी.]

टूथपेस्टमध्ये फ्लोराइड, म्हणजे खनिज परत भरायला मदत करणारा घटक, 1000 ते 1500 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) हवं, वेष्टनावर पाहून घ्या. 3 वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, 3 ते 6 वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी. जास्त पेस्ट वर्षानुवर्षं गिळली गेली तर पक्क्या दातांवर फ्लोरोसिसचे, म्हणजे जादा फ्लोराइडमुळे पडणारे, डाग येऊ शकतात. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं ब्रश करा आणि त्यातली एक वेळ झोपण्यापूर्वीचीच असू द्या. नंतर फेस थुंकून टाका, खळखळून चूळ भरू नका. चुळीबरोबर फ्लोराइडही वाहून जातं, ही चूक बहुतेक घरांत रोज होते.

ब्रश दोन दातांमधल्या फटीत पोचत नाही. तिथे फ्लॉस, म्हणजे दात साफ करायचा बारीक दोरा, किंवा फटीत जाणारा बारीक ब्रशच लागतो.

सहाव्या वर्षाच्या आसपास येणाऱ्या दाढेकडे विशेष लक्ष द्या. दुधाचे दात संपतात तिथून मागे ती उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं पालकांना कळतच नाही आणि ती दुधाची समजली जाते. ती पक्की, आयुष्यभराची दाढ असते. तिच्यावरच्या खाचा काही ठिकाणी ब्रशच्या केसापेक्षाही अरुंद असतात. दंतवैद्य या खाचा सीलंटने, म्हणजे पातळ संरक्षक लेपाने, बुजवतात. त्याला भूल लागत नाही, ड्रिलही बहुधा लागत नाही.

[दृश्य: दाढेचा उभा छेद. वर बारीक छिद्र, आत पसरलेली पोकळी.]

पापुद्रा खचला आणि कीड डेंटिनपर्यंत, म्हणजे एनॅमलच्या आतल्या थरापर्यंत, गेली की ती आडवी पसरते, कारण डेंटिन मऊ असतं. वरून टाचणीएवढं छिद्र, आत मोठी पोकळी. आता फिलिंग करावं लागतं. थंड लागून कळ लगेच ओसरत असेल तर बहुधा तेवढ्यावर भागतं. कळ रेंगाळत असेल, रात्री ठणक्याने जाग येत असेल तर आतली नस सुजलेली असते आणि बहुधा रूट कॅनाल करावं लागतं. असा ठणका उपचाराविना आपोआप थांबला तर दात बरा झाला असं समजू नका. नस मेलेली असू शकते आणि मुळाच्या टोकाशी जंतुसंसर्ग चालूच राहतो. दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जा. चेहऱ्यावर सूज किंवा ताप आला तर त्याच दिवशी.