चावडी आणि विहीर

(दृश्य : पहाट. उघडा माळ. लांबून मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा.)

सांगली सोडली की बराच वेळ ऊस सोबतीला असतो. मग तासगावच्या द्राक्षबागा. विटा मागं पडलं की मात्र जमीन उघडी पडत जाते. मुरूम, बाभळी, धोतराला चिकटणारी कुसळं. हा माणदेश. सह्याद्री ओलांडताना ढग आपलं पाणी तिकडंच सांडतात, इथवर येतात ते रिकामे.

आटपाडी तालुक्यातलं माडगुळे. व्यंकटेश माडगूळकर १९२७ साली इथं जन्मले. त्यांच्या आधी मराठी कथेतलं खेडं बरेचदा शहरात बसून आठवलेलं असायचं. मोट, चांदणं, भोळा शेतकरी. १९४९ मध्ये त्यांचं ‘माणदेशी माणसं’ हे व्यक्तिचित्रांचं पुस्तक आलं आणि त्या चांदण्यात फुफाटा उडाला.

(दृश्य : दगडी भिंती, बंद दारं.)

‘बनगरवाडी’ ही माडगूळकरांची कादंबरी १९५५ ची. कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो. पोरं मेंढरांमागं, शाळेत कोण येणार? वाडी त्याला आधी जोखते. पटला म्हटल्यावर भांडणं, पत्रं, पैशाअडक्याची कामं, सगळं त्याच्यापुढं आणून टाकते. सारे मिळून तालीम बांधतात आणि तिच्यासाठी खुद्द राजा येतो. मुलूख औंध संस्थानचा, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींचं सूर्यनमस्काराचं वेड प्रसिद्धच होतं. तालमीसाठी आलेला राजा म्हणूनच खोटा वाटत नाही.

मग दुष्काळ पडतो. मेंढरं मरतात. माणसं बिऱ्हाड उचलून जगायला जातात, वाडी ओस पडते. माडगूळकर इथंही गळा काढत नाहीत. वाक्यं तेवढीच आखूड, विशेषणं मोजकी. हुलग्याच्या माडग्यासारखी भाषा : पोट भरतं, कौतुक नाही.

(दृश्य : जुनी विहीर. कॅमेरा वरून आत.)

याच आटपाडीत आणखी एक गाव आहे. शंकरराव खरातांचं. जन्म १९२१, म्हणजे माडगूळकरांपेक्षा सहा वर्षांनी थोरले. ‘तराळ-अंतराळ’ हे त्यांचं आत्मकथन १९८१ चं. तराळ म्हणजे गावकीची कामं करणारा महार. विहिरीत प्रेत असलं तर ते वर काढायचं कुणी? तराळानं. तो खाली उतरतो आणि त्याचं पोर काठावर उभं राहून बघतं.

मास्तराला वाडी दिसते ती मास्तर म्हणून. माणसं त्याच्याशी अदबीनं बोलतात. माडगूळकर खोटं लिहीत नाहीत, पण विहिरीच्या काठावरून गावाचा साधेपणा काही दिसत नाही.

कृष्णाकाठचा वाळवा तालुका हिरवा. तिथल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. त्यांच्या ‘फकिरा’ कादंबरीत, १९५९ च्या, उपाशी माणसं धान्य लुटून आणतात आणि वाटून खातात. माती काळी असली तरी भूक तीच.

(दृश्य : डाळिंबाची बाग, ठिबकच्या नळ्या.)

आता कऱ्हाडजवळच्या टेंभूतून उचललेलं कृष्णेचं पाणी आटपाडीपर्यंत येतं. डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत.

मी ‘बनगरवाडी’ शाळेत असताना वाचली, ‘तराळ-अंतराळ’ फार उशिरा. क्रम उलटा असता, तर मास्तर वाडीत शिरल्या शिरल्या मी आधी हेच शोधलं असतं, की इथलं पाणी कोण कुठून भरतं.