ओढताना तापणारी जीप

श्रोतेहो, नमस्कार.

गाडी रिकामी असली की तापमानाचा काटा मधोमध, अगदी गुणी बाळासारखा. मागे ट्रॉली जोडली, चढ लागला, की तोच काटा लाल रेघेकडे. मग आपण म्हणतो, ओझं जास्त झालं. श्रोतेहो, पुष्कळदा दोष आधीचाच असतो. रिकाम्या गाडीला अर्धा रेडिएटरही पुरतो, म्हणून तो कळत नाही.

आमचंच सांगतो. मे महिना सरत आलेला. १ जूनपासून मासेमारी बंदी, म्हणून भाच्याला त्याची वीसफुटी फायबरची होडी दुरुस्तीसाठी रत्नागिरीहून हर्णैला न्यायची होती. "मामा, तुझी जीप काढ ना." काढली. डिझेल गाडी, जुनी पण कामाची. संगमेश्वर गेलं, सावर्डे गेलं, चिपळूण गेलं, काही नाही. परशुराम घाट चढू लागलो आणि काटा उठला.

बाजूला घेतली. भाचा फडकं घेऊन निघाला रेडिएटरचं झाकण उघडायला. मी ओरडलो, "हात लावू नकोस!" त्या झाकणाने आत दाब धरलेला असतो, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर. पुन्हा सांगतो, गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. मी इंजिन मंद चालू ठेवलं, काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण लावला. मे महिन्यात, परशुराम घाटात, हीटर! भाचा माझ्याकडे असा बघत होता, की मामाला घरी कसं न्यायचं याचाच विचार करत असावा. पण इंजिनाची उष्णता तेवढीच बाहेर पडते. काटा उतरला.

पुढे एका गॅरेजात थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप, बदलून घेतला, झाकणही नवं. पैसे दिले, चहा प्यायलो, निघालो. खेड सोडून दापोलीचा चढ लागला, काटा पुन्हा वर.

तिथे रस्त्याकडेला एक म्हातारे मेस्त्री भेटले. त्यांनी पाना उचललाच नाही. "शेट, पेपर आहे काय कालचा?" इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि पेपराचं एक पान जाळीसमोर धरून सोडलं. पंखा हवा ओढत असेल तर पान जाळीला चिकटून राहायला हवं. पान सरळ खाली पडलं. मेस्त्री हसले. "हवाच नाय जात हो आत."

इंजिन बंद करून त्यांनी रेडिएटरचे वरचे बोल्ट काढले आणि तो थोडा मागे कलता केला. पुढे एसीची जाळी, मागे रेडिएटर, मधे बोटभर फट. त्या फटीत सुरूच्या काड्या! रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावरच्या सुरूबनात मी वर्षभर गाडी लावत होतो. काड्या जाळीतून आत गेल्या, खाऱ्या दमट हवेने आणि धुळीने एकमेकींना चिकटल्या. मेस्त्रींनी बोटाने टोक धरून ओढलं तर घोंगडीसारखा सलग थर निघाला, त्यात एक वाळलेला चतुरसुद्धा. समोरून बघावं तर जाळी लख्ख. दोष मधे.

आता सुरूचं निघालंच आहे तर बोलून घेतो. हे झाड मूळचं आपलं नव्हे. किनाऱ्यावर लावायचीच तर उंडी लावा. सावली दाट, आणि बियांचं तेल आपले लोक होड्यांना लावत आले. पण ऐकतो कोण! असो.

तर श्रोतेहो, गाडी कुठे तापते ते आधी बघा. हळू चढताना तापली आणि सपाटीला वेग घेतल्यावर उतरली, तर बहुधा हवा कमी पडतेय: पंखा किंवा अडलेली जाळी. व्हिस्कस पंखा, म्हणजे आत दाट तेल भरलेल्या क्लचवर फिरणारा पंखा, असेल तर गरम इंजिन बंद करून हाताने फिरवा. भिंगरीसारखा सुटा फिरला तर त्याचा क्लच गेला. उलट, घाटात ठीक आणि हायवेला वेगात तापते, तर पाण्याच्या फिरण्याकडे बघा: थर्मोस्टॅट, आतून गाळाने भरलेला रेडिएटर. विहिरीचं मचूळ पाणी ओतणाऱ्यांनी तर आधी तिकडेच बघावं. कूलंटच्या डब्यात सतत बुडबुडे, पाणी घटतंय आणि गळती मात्र कुठे दिसत नाही, असं असेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधल्या पट्टीचा संशय. मग गाडी पुढे रेटू नका. ट्रॉलीच्या चाकांजवळही हात नेऊन बघा. एकच चाक भाजत असेल तर बहुधा ब्रेक चिकटलाय, आणि तो ओढायचा भार इंजिनावर.

चढाला खालचा गिअर वेळेवर टाका. इंजिन जरा जोरात फिरलं की पाण्याचा पंपही जोरात फिरतो. वरच्या गिअरमध्ये कण्हत चढवून डिझेल वाचत नाही, गाडी तापते.

जाळी धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, तेही हलकं. जोराने मारलंत तर जाळीची पातळ पाती वाकतात.

होडी त्या दिवशी संध्याकाळी हर्णैला पोचली, काटा मधोमध. मी तेव्हापासून सुरूखाली जीप लावणं सोडलं. माडाखाली लावली, तर चौथ्या दिवशी बॉनेटवर नारळ. आता ती उन्हात उभी असते.

नमस्कार.