एमआरआयमधली ती काळी रेघ

(हातात एमआरआयची फिल्म, उजेडासमोर धरलेली)

हे बघा, कंबरेच्या मणक्यांचा एमआरआय. बाजूने घेतलेला उभा छेद आहे. हे चौकोनी ठोकळे म्हणजे मणके आणि त्यांच्या मधल्या या गाद्या. पूर्ण पाठीत अशा २३ असतात. वरच्या तीन गाद्यांचा गाभा पांढरा दिसतोय, ही खालची काळी पडलीय. काळी म्हणजे तिच्यातलं पाणी कमी झालंय. लोक म्हणतात, 'मणक्यात गॅप आलाय'. खरं तर असलेली गॅप कमी झालेली असते!

पण आज गादी बाजूला ठेवू. कॅमेरा जरा जवळ आणतो. गादी आणि हाड यांच्या सीमेवर ही केसासारखी काळी रेघ दिसतेय? हाडाच्या पातळ थराला चिकटून तिथे कूर्चेचा एक पापुद्रा असतो. त्याला एंडप्लेट म्हणतात. जाडी जेमतेम एक मिलिमीटर, बऱ्याच जागी त्याहूनही कमी.

एवढ्याशा पापुद्र्याचं कौतुक कशाला? मोठ्या माणसाच्या गादीत, कडेचा भाग सोडला, तर रक्तवाहिन्याच नसतात. आतल्या पेशींना लागणारं ग्लुकोज, ऑक्सिजन हाडातल्या रक्तातून निघतं आणि मुख्यतः या पापुद्र्यातूनच झिरपत आत जातं. शिरेतून गॅडोलिनियम (एमआरआयमध्ये उजळ दिसणारं औषध) देऊन लागोपाठ एमआरआय काढले, तर हा प्रवास पाहता येतो. हाड काही मिनिटांत उजळतं, गादीच्या मध्यापर्यंत पोचायला मात्र काही तास लागतात.

मग इतकी महत्त्वाची गोष्ट फिल्मवर काळी का?

एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, हे ठीक. पण एमआरआय तर पाण्यातल्या हायड्रोजनचा सिग्नल ऐकतो आणि कूर्चेत पाणी भरपूर असतं. घोळ वेळेचा आहे. मशीन रेडिओ लहरींचा एक ठोका देतं, थोडं थांबतं, मग ऐकतं. आपल्या नेहमीच्या टी-टू चित्रात, म्हणजे पाणी पांढरं दिसतं त्या प्रकारात, हे थांबणं साधारण १०० मिलिसेकंदांचं. गादीच्या गाभ्यातलं पाणी तोवर 'बोलत' असतं. एंडप्लेटमधलं पाणी कोलॅजन या प्रथिनाच्या दाट जाळ्यात अडकलेलं, त्याचा आवाज त्याआधीच विरून जातो. मशीन ऐकायला बसतं तेव्हा तिथे सामसूम.

आणि त्या रेघेच्या जाडीवरही जाऊ नका. मणक्याच्या हाडाच्या आतल्या मज्जेत चरबी आहे, गादीत पाणी. दोन्हींतला हायड्रोजन किंचित वेगळ्या वारंवारतेवर बोलतो. दीड टेस्ला ताकदीचं चुंबक असलेल्या मशीनमध्ये हा फरक साधारण २२० हर्ट्झ. मशीनला वाटतं, चरबी थोडी सरकलेली आहे. त्यामुळे एका बाजूची रेघ जाड आणि समोरची बारीक दिसू शकते, प्रत्यक्षात दोन्ही सारख्या असल्या तरी. ती रेघ मोजून निष्कर्ष काढणं मला तरी पटत नाही.

यावरची युक्ती म्हणजे लवकर ऐकणं. यूटीई (अल्ट्राशॉर्ट एको टाइम) नावाच्या पद्धतीत थांबणं ०.१ मिलिसेकंदाच्याही आत आणलंय. लगेच दुसरं, जरा उशिराचं चित्र घ्यायचं आणि पहिल्यातून वजा करायचं. जे उशिरापर्यंत बोलत राहतं ते दोन्हींत असतं, त्यामुळे बहुतेक कटतं. लवकर गप्प होणारं तेवढं उरतं. आता गादीच्या वर आणि खाली दोन चकचकीत पांढऱ्या रेघा! कुठे ती रेघ तुटलेली, कुठे खडबडीत. वाळलेल्या गाद्यांशेजारी असं जास्त आढळलंय.

(फिल्म पुन्हा समोर)

आता, 'रेघ तुटली म्हणून पाठ दुखते' असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलवू नका. २०१५ च्या एका आढाव्यात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीच्या वयातल्या ९६ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. पापुद्रा आधी तुटला आणि गादी उपाशी पडली, की गादी आधी वाळली आणि भार पापुद्र्यावर आला? एका स्कॅनवर ते ठरत नाही. त्याच माणसाला, त्याच मणक्यावर, वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा मशीनमध्ये झोपवावं लागतं.