चौदा दिवस

सकाळी गोठ्याचं दार उघडतं. झोपलेली डुकरं धडपडत उठतात आणि एक जण खोकायला लागतं. पाठीला बाक, मान खाली, कोरडी ढास. मग शेजारचं. मग पलीकडची दोन.

यातलं बहुधा एकही मरणार नाही, आणि खरी पंचाईत हीच आहे. मेलेल्या जनावराची दखल घ्यावीच लागते. खोकणाऱ्याची सवय होऊन जाते. काट्यावर वजन कमी भरतं, एवढंच. कत्तलखान्यात मात्र फुप्फुस हातात घेतलं की कळतं. निरोगी फुप्फुस स्पंजासारखं दबतं. या खोकणाऱ्याच्या फुप्फुसाचे पुढचे भाग जांभळट, मांसासारखे घट्ट.

बरीच वर्षं डुकरांच्या या न्यूमोनियाचं खापर विषाणूवर फुटत होतं. १९६५ मध्ये खरा जंतू सापडला: मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनी नावाचा जिवाणू. श्वासनळीतली बारीक लव सतत हलत घाण वर ढकलत असते. हा त्या लवेलाच चिकटतो आणि ती झडते. पेनिसिलीन जिवाणूच्या पेशीभित्तीवर घाव घालतं. याला भित्तीच नाही!

स्वित्झर्लंडमध्ये एकेक गोठा साफ करून पाहिला होता. शेजारच्या गोठ्यातून, वाऱ्यावरून, रोग परत यायचा. म्हणून १९९६ पासून देशभर मोहीम सुरू झाली, एकेक भाग धरून, आजूबाजूचे सगळे गोठे एकाच वेळी. पैदाशीच्या गोठ्यात नियम असा: चौदा दिवस दहा महिन्यांखालचं एकही डुक्कर नको. रोग खेळता राहतो तो लहानांमध्ये. थोराड माद्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती आलेली असते. त्यांना त्या दिवसांत औषध द्यायचं आणि गोठा धुऊन काढायचा.

ऐकायला सोपं. पण डुकरीण ११४ दिवसांनी विते. त्या पंधरवड्यात पिल्लं नकोत, तर जवळपास चार महिने आधीच माद्या फळवणं थांबवायला हवं. जिथे एरवी दर आठवड्याला पिल्लांची किंचाळी, तिथे फक्त मोठ्या माद्यांचं घुरघुरणं. मांसासाठी वाढवायच्या डुकरांचे गोठे तर पूर्ण रिकामेच केले.

२००४ पर्यंत सगळा देश पालथा घालून झाला. रोग अगदी नामशेष झाला नाही. जनावरांच्या ने-आणीतून तो अधूनमधून डोकं वर काढतो, आणि रानडुकरांच्या फुप्फुसातही तो आहेच. त्यांना कोण थांबवणार? पण आता तिथे गोठ्यात ढास ऐकू आली, की मालक डॉक्टरला फोन लावतो.